दुसऱ्या वळणावर सुटणारी मूठ

गुरुवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी गेरार्द पिल्ख जावयाच्या शर्यतीच्या मोटारसायकलचं मागचं चाक तिसऱ्यांदा उतरवत होता. पहिल्यांदा उतरवलं ते स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, बदलायला, दुसऱ्यांदा तेच जुनं स्प्रॉकेट परत बसवायला. आता कशासाठी, हे कुणी विचारलं असतं तर त्याला पटकन सांगता आलं नसतं. हातात पाना नसला की हातांचं काय करायचं ते त्याला सुचत नसे.

शेडच्या दारातून ट्रॅक दिसत होता. पाण्याचा टँकर फेऱ्या घालत होता आणि त्याच्या मागून नदीवरचा वारा ओला मुरूम सुकवत चालला होता. दिव्यांच्या खांबावर एक पत्रा सुटला होता, तो थांबून थांबून वाजत होता. जावई रेमेक वोइतेरा, वय छत्तीस, चामडी सूट कमरेपर्यंत चढवून दारापासून नळापर्यंत येरझाऱ्या घालत होता. दर खेपेला तो गाडीपाशी थांबे, काहीतरी बोले आणि पुढे जाई.

"बाबा, एक दात कमी करून बघू या का?"

"आत्ताच तर वाढवा म्हणालास."

"मग इग्निशन?"

"त्याला काल हात लावलाय."

"म्हणजे कालच बिघडलं असणार."

गेरार्दनं मान वर केली नाही. "बस जरा. वाऱ्यानं पत्रा वाजतोय तेवढा पुरे आहे."

रेमेक बसला नाही. नळापर्यंत गेला, नळ उघडला, पाणी न पिता बंद केला आणि परत आला.

ग्रोनोवो गावात भांडायला दोन पक्ष आहेत आणि त्यांचा निवडणुकीशी संबंध नाही. एका पक्षाचं म्हणणं, शर्यत रायडर जिंकतो. दुसऱ्याचं म्हणणं, इंजिन जिंकतं. रविवारी स्टेडियममध्ये सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत हा वाद सुरू होतो आणि सोमवारी न्हाव्याच्या खुर्चीत, बेकरीच्या रांगेत पुढे चालतो. गेरार्द इंजिन पक्षाचा, आणि तोही कडवा. बेकरीवाली लुद्विका रायडर पक्षाची. गेली वीस वर्षं ती त्याला पाव देताना काही ना काही ऐकवते.

"गाडीला डोकं नसतं, गेरार्द. ती वळवायची कुणी?"

"आणि डोक्याला हॉर्सपॉवर नसते, लुद्विकाबाई. ते ओढायचं कुणी?"

गेरार्दचा हा पक्ष त्याच्या स्वतःच्या इतिहासातून आला होता. तो जन्मला स्टेडियमच्या मागच्या गल्लीत, साखर कारखान्यातल्या फिटरच्या घरी. सतराव्या वर्षी क्लबनं त्याला गाडी दिली. तीन हंगाम तो पळाला आणि बहुतेक वेळा चौघांत चौथा आला. पुढे रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात लेथवर लागला. रायडर म्हणून आपल्याला का जमलं नाही याचं उत्तर त्याच्यापाशी तयार असे: इंजिन चांगलं नव्हतं. त्या काळी क्लब सगळ्यांना एकाच कारखान्याची, सारखीच इंजिनं देत असे, हे तो सोयीनं विसरे.

मग काळ बदलला आणि त्याच्या पक्षाला बळ आलं. इंजिनं बाहेरदेशी नामांकित कारागिरांकडे जाऊ लागली. एकाच कारखान्याची दोन इंजिनं कुणाच्या हातून गेली यावर वेगवेगळी पळू लागली. पोरगा कसा पळतो याच्या आधी त्याचं इंजिन कुणी बांधलंय ते लोक विचारू लागले. डब्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा गेरार्द क्लबच्या शेडमध्ये आला. मुलगी याग्ना हिनं रेमेकशी लग्न केलं तेव्हा तो जावयाचा मेकॅनिक झाला, आणि त्याला बारा वर्षं झाली. रेमेक मोठा रायडर कधीच नव्हता. दुसऱ्या लीगमधला भरवशाचा माणूस, एका सामन्यात सात-आठ गुण आणणारा. लोक त्याच्यासाठी तिकीट काढत नसत, पण तो नसला की 'कुठे आहे?' असं विचारत.

जूनपासून तो गुण आणेनासा झाला.

आता ऑगस्ट संपत आला होता. लागोपाठ दोन रविवार रेमेक शून्यावर होता. येत्या रविवारचा सामना हरला तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार होता आणि प्रशिक्षक व्रेम्बेलनं एका लॅटव्हियन रायडरला विचारून ठेवल्याचं गावभर झालं होतं. जागा एकच होती, रेमेकची. आणि छत्तिसाव्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या सामन्यातून वगळलेल्या रायडरला पुढच्या वसंतात कुणी फोन करत नाही.

"इंजिन ओढत नाही," रेमेक सगळ्यांना सांगे. क्लबच्या अध्यक्षाला, वार्ताहराला, शेजाऱ्याला. गेरार्द शेजारी उभा राहून मान डोलवी. त्यानं कार्ब्युरेटर बदलला, क्लचच्या प्लेटा बदलल्या, एक इंजिन सीमेपलीकडच्या कारागिराकडे पाठवून आणलं. फरक पडला नाही. मागच्या रविवारी तर त्यांनी एकाच सामन्यात तीन वेळा स्प्रॉकेट बदललं, आणि तिसऱ्या वेळी दोघांनाही आठवेना की सुरुवात कशानं केली होती.

गेरार्दला मात्र आणखी एक गोष्ट माहीत होती.

गाडीचं मागचं टायर चार फेऱ्यांत खाल्लं जातं. रायडर वळणात हँडलवरची वेग वाढवायची मूठ पूर्ण पिळतो, चाक जागच्या जागी फिरतं, गाडी आडवी सरकते आणि रबरी ठोकळ्यांच्या कडा झिजून गोल होतात. रेमेकची टायरं नेहमी अशीच येत, उंदरानं कुरतडल्यासारखी. जूनपासून ती येत होती ती धारदार कडांची. एका शर्यतीनंतर पुन्हा वापरता येतील अशी. म्हणजे वळणात मूठ पूर्ण पिळली जात नव्हती. कुठेतरी ती सुटत होती.

जूनमध्ये परगावच्या ट्रॅकवर रेमेक दुसऱ्या वळणात पडला होता. कुंपण हवा भरलेलं असल्यानं फार काही झालं नाही. दोन बरगड्यांना मुका मार, तीन आठवडे विश्रांती. परत आल्यावर त्यानं पहिलं वाक्य उच्चारलं ते हेच: इंजिन ओढत नाही.

आता गंमत अशी की कमजोर इंजिनसुद्धा टायर खात नाही. ताकदच नसेल तर चाक फिरणार कसं? गेरार्दला हा युक्तिवाद पहिल्या आठवड्यातच सुचला आणि त्यानं तो घट्ट धरून ठेवला. टायर उतरवलं की तो ते भिंतीकडे तोंड करून ठेवी आणि रेमेक यायच्या आत नवं चढवी.

याग्नानं गेल्या रविवारी संध्याकाळी त्याला सरळच विचारलं होतं. रेमेक अंघोळीला गेला होता, टेबलावर कोंबडीचं सार निवत होतं.

"बाबा, खरं सांगा. इंजिन की तो?"

"इंजिन," गेरार्द म्हणाला आणि सारात शेवया शोधू लागला.

हे खोटं असेल तर ते साधं खोटं नव्हतं. या गाड्यांना ब्रेक नसतो. आडव्या सरकणाऱ्या गाडीला धरून ठेवते ती फक्त पिळलेली मूठ. वळणाच्या मध्यात मूठ सोडली की चाक फिरायचं थांबतं, टायर जमीन पकडतं, गाडी एका झटक्यात सरळ होते आणि समोर जे असेल तिकडे जाते. समोर कुंपण असतं. इंजिन जितकं जोरदार, तितका झटका मोठा. ग्रोनोवोत हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. घाबरून मूठ सोडणारा रायडर हळू जातो म्हणून वाईट नाही. तो पडतो, आणि मागच्यालाही पाडतो.

चार वाजता व्रेम्बेल शेडमध्ये आला. जाड, सावकाश चालणारा माणूस, गळ्यात स्टॉपवॉच. गेरार्दनं आणि त्यानं एकाच वर्षी क्लबमध्ये पाऊल टाकलं होतं.

"काय बदललंत आज?" त्यानं विचारलं.

"स्प्रॉकेट," रेमेक म्हणाला.

"आणि?"

"आणि परत तेच लावलं."

"छान. म्हणजे दिवस कारणी लागला." व्रेम्बेलनं टाचेनं शेडची फरशी खरवडली, जणू ती ट्रॅकच होती. "रेमेक, उद्या दुपारी मला नावं पाठवायची आहेत. तू म्हणतोस इंजिन. ठीक. कायतेकचं इंजिन या लीगमधलं सगळ्यात चांगलं आहे, हे तरी मान्य?"

"मान्य."

"मग कायतेकची गाडी तू घे, तुझी तो घेईल. एकेक जण, चार फेऱ्या, घड्याळ माझ्या हातात. त्याच्या गाडीवर तू पळालास तर मी अध्यक्षाच्या डोक्यावर बसून तुझ्यासाठी तसलं इंजिन मागवतो आणि रविवारी तू पळतोस."

"आणि नाही पळालो तर?"

"मग इंजिनाला शिव्या देणं बंद."

कायतेक बावीस वर्षांचा, क्लबचा सगळ्यात वेगवान रायडर. तो दाराच्या चौकटीला टेकून बिया खात होता. सामन्यात सहकाऱ्याची गाडी बिघडली तर आपली द्यायची, याला ग्रोनोवोत कुणी नाही म्हणत नाही. पण सरावात, तेही परीक्षा म्हणून, कुणी गाडी मागितली नव्हती.

"घ्या की, आजोबा," तो रेमेकला म्हणाला. "फक्त तिला कुंपण दाखवून आणू नका. अजून लहान आहे ती."

"तू माझीला ढकलायला माणसं बोलाव. चढावर थांबते ती."

"मी चपला घेऊन आलोय. थांबली की चालत येईन."

सगळे हसले. गेरार्दही हसला, पण त्याला स्वतःचं हसणं उशिरा ऐकू आलं.

दोन्ही गाड्यांना कोरी टायरं लावायची असं व्रेम्बेलनं सांगितलं. गेरार्द कामाला लागला. कायतेकच्या गाडीचं हँडल रेमेकच्या उंचीला वर घेतलं, क्लचची तार सैल केली. मग जावयाच्या गाडीकडे वळला. आपल्या हातात काय आहे हे त्याला तिथे वाकल्यावर कळलं. इग्निशनची वेळ केसभर मागे घेतली असती तर कायतेक या गाडीवर रखडला असता. घड्याळानं सांगितलं असतं: इंजिन. इंजिन पक्ष जिंकला असता, रेमेक रविवारी पळाला असता आणि टायराच्या कडांचा विषय कधी निघाला नसता. स्क्रू ड्रायव्हर आधीच त्याच्या हातात होता.

"बाबा, झालं का?" रेमेकनं विचारलं. तो आता नळापर्यंतही जात नव्हता, गाडीभोवतीच फिरत होता.

"झालं," गेरार्द म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर पेटीत टाकला. इग्निशन होतं तिथेच राहिलं. यात त्यानं स्वतःला फार गुण दिले नाहीत. तसं केलं असतं तर रविवारी त्याच सुटणाऱ्या मुठीनं, तीन रायडरांच्या गर्दीत रेमेकला जावं लागलं असतं.

पहिला कायतेक निघाला. 'मेलेल्या' गाडीवर तो सुरुवातीला उसळला, पहिल्या वळणात जास्त बाहेर गेला, त्याच्या शिवीचा एक तुकडा वाऱ्यानं शेडपर्यंत आणून टाकला. दुसऱ्या फेरीपासून त्यानं आतली रेघ धरली. इंजिनात जोर कमी आहे हे त्याला कळलं होतं, म्हणून तो गाडी कुठेच हळू होऊ देत नव्हता. मागचं चाक मुरुमाचा पंखा उडवत होतं, तो पंखा एकदाही तुटला नाही. गेरार्द डोळे मिटून ऐकत राहिला. हे इंजिन त्यानं या उन्हाळ्यात इतक्या वेळा उघडलं होतं आणि त्याचा असा एकसंध, न तुटणारा आवाज त्यानं जूनपासून ऐकला नव्हता.

व्रेम्बेलनं घड्याळ दाखवलं. त्रेसष्ट सेकंदांना थोडं कमी. कायतेकच्या स्वतःच्या गाडीपेक्षा पाऊण सेकंद जास्त. रेमेकनं गेल्या दोन महिन्यांत याच गाडीवर केलेल्या सर्वोत्तम वेळेपेक्षा पावणेदोन सेकंद कमी.

"इंजिनात खोट आहेच," व्रेम्बेल म्हणाला. "पाऊण सेकंदाची."

उरलेल्या पावणेदोन सेकंदांबद्दल कुणी बोललं नाही.

कायतेक परत आला, हेल्मेट काढलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "वरच्या टोकाला दमते," तो गेरार्दला हळूच म्हणाला, "पण वाईट नाहीये, काका. उलट सोपी आहे. चुकलं तर माफ करते. माझी नाही करत."

ते वाक्य गेरार्दनं ऐकलं आणि त्याला ते पुढच्या सगळ्या गोष्टींसकट समजलं. रेमेक आता कायतेकच्या गाडीवर बसत होता. इंजिन बंद करणारी दोरी त्यानं मनगटाला बांधली, डाव्या बुटाखालची, वळणात जमिनीवर घासायची पोलादी पट्टी जमिनीवर दोनदा आपटली. या गाड्या ढकलून सुरू कराव्या लागतात. ढकलायचं काम गेरार्दचं होतं.

त्यानं दोन्ही हात मागच्या मडगार्डवर ठेवले. आता बोलायची वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं: रेमेक, उतर, तू मूठ सोडतोस, या गाडीवर सोडलीस तर मरशील. वाक्य तोंडात तयार होतं. व्रेम्बेल पाच पावलांवर उभा होता, कायतेक आणखी जवळ. त्या दोघांसमोर, बारा वर्षं जावई असलेल्या माणसाला हे म्हणायचं.

"ढकला, बाबा," रेमेक हेल्मेटच्या आतून म्हणाला. "काय झालं?"

"काही नाही," गेरार्द म्हणाला आणि ढकललं.

गाडी सुरू झाली ती कानठळ्या बसवत. पहिलं वळण रेमेकनं चांगलं घेतलं. सरळ पट्ट्यावर तो या उन्हाळ्यात कधी गेला नव्हता तितक्या वेगानं गेला, आणि क्षणभर गेरार्दला वाटलं की वीस वर्षं आपण बेकरीच्या रांगेत सांगत आलो तेच खरं. चांगलं इंजिन द्या आणि बाजूला व्हा.

मग दुसरं वळण आलं. वळणाच्या मध्यावर आवाज तुटला. अर्धा क्षण, खोकल्याएवढा. टायरनं मुरूम पकडला, गाडी ताडकन सरळ उभी राहिली आणि कुंपणाकडे निघाली. रेमेक हँडलवर फेकला गेला, त्याचा उजवा पाय पाय ठेवायच्या खुंटीवरून सुटला. कुंपणापासून दोन हातांवर गाडी कशी वळली हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. तिचं मागचं चाक कुंपणाला घासलं, हवेची ती भिंत आत दबली आणि परत फुगली. मनगटाची दोरी ओढली गेली होती. इंजिन बंद पडलं. गाडी आणि माणूस गवतात येऊन आडवे झाले.

गेरार्द धावला. एकोणसाठ वर्षांच्या माणसानं ओल्या मुरुमात धावू नये तसा धावला, मध्ये एकदा गुडघ्यावर पडला.

रेमेक बसला होता. हेल्मेट काढून त्यानं मांडीवर घेतलं होतं. हातपाय शाबूत होते. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"लागलं?"

"नाही."

"बोटं हलव."

"हलतायत, बाबा. हलतात तीच तर अडचण आहे."

व्रेम्बेल आणि कायतेक अजून ट्रॅकच्या पलीकडे होते. गेरार्द त्याच्या शेजारी गवतात बसला. त्याला धाप लागली होती, म्हणून त्यानं जे सांगायचं ते तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. टायरं. धारदार कडा. जूनपासून.

रेमेक ऐकत राहिला. मग म्हणाला, "जूनपासून?"

"हो."

"आणि तुम्ही स्प्रॉकेटं बदलत बसलात."

"तू मागत होतास."

"मी मागत होतो कारण तुम्ही देत होतात!" रेमेकचा आवाज चढला. "मला वाटायचं, या माणसाला इंजिनातलं सगळं कळतं. हा म्हणतोय इंजिन, म्हणजे इंजिनच असेल. माझा हात सुटतो ते मला कळत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? रोज रात्री कळायचं. सकाळी शेडमध्ये आलो की तुम्ही नवं काहीतरी लावून तयार."

"मला वाटलं, तुला ठाऊक नसेल."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक नसेल."

हसण्यासारखं होतं, पण दोघंही हसले नाहीत. रेमेकनं गवताचं पातं उपटलं, दातात धरलं, थुंकलं.

"आत्ता ढकलताना थांबलात ते याच्यासाठीच?"

गेरार्द गुडघ्यावरचा मुरूम झटकू लागला. रेमेकला तेवढं पुरलं. मग उठला, गाडी उभी केली आणि ढकलत शेडकडे निघाला. गेरार्दनं मडगार्डला हात लावला तसा तो न वळता म्हणाला, "राहू द्या."

व्रेम्बेलनं घड्याळ खिशात घातलं होतं. रेमेक शेडच्या दारात त्याच्यासमोर उभा राहिला, आणि जे बोलायचं ते त्यानं इतरांदेखत बोलून टाकलं. "मूठ सुटते. दुसऱ्या वळणात. जूनपासून. लॅटव्हियनला बोलाव."

"बोलावलंय," व्रेम्बेल म्हणाला. "मघाशीच. तू गवतात बसला होतास तेव्हा." मग गेरार्दकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि ढकललंस."

"हो."

व्रेम्बेलनं टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. चाळीस वर्षांच्या ओळखीत त्यानं गेरार्दला अनेकदा शिव्या दिल्या होत्या. आज दिली नाही, आणि गेरार्दला ते जास्त लागलं.

"रविवारी तू शेडमध्ये नसशील," व्रेम्बेल म्हणाला. "वर बस, लोकांत. तिकीट मी देतो."

कायतेक खाली बसून आपल्या गाडीचं मागचं चाक फिरवून बघत होता. एका बाजूला कुंपणाचा निळा रंग लागला होता. "दाखवलंतच तिला कुंपण," तो म्हणाला, आणि लगेच, "रेमेक, माझी मूठ पण सुटली होती. दोन वर्षांपूर्वी, हात मोडल्यावर. मी कुणाला सांगितलं नाही."

"मग ती खोड गेली कशी?"

"पोरांच्या सरावाला जायचो. सकाळी. एकटा दुसऱ्या वळणातच गोल गोल फिरायचो, हळू. लोकांना वाटायचं, मी पोरांना शिकवतोय."

रेमेक व्रेम्बेलकडे वळला. "मी पोरांच्या सरावाला येतो, पण माझ्या गाडीवर. या गाडीवर नाही."

"तुझ्याच," व्रेम्बेल म्हणाला. "ती पाऊण सेकंदानं हळू आहे, तेवढं तुला सध्या बरं. आणि स्प्रॉकेट जे आहे तेच. कुणी पाना उचलला तर तो मी नदीत टाकेन."

"पुढच्या वर्षीचं काय?"

"पुढच्या वर्षीचं मी आज कुणालाच सांगत नाही."

रेमेकनं कपडे बदलले आणि गेरार्दची वाट न बघता पायी घरी गेला. एरवी ते दोघं गेरार्दच्या व्हॅनमधून जात. गेरार्दनं शेड झाडली, हँडल कायतेकच्या उंचीला परत आणलं, कुंपणाचा रंग मेथनॉलच्या बोळ्यानं पुसला. मग नळापाशी उभा राहून मुलीला फोन केला, रेमेक घरी पोचायच्या आत.

"याग्ना, इंजिन नव्हतं."

पलीकडे भांडी वाजायची थांबली. "तो कुठाय?"

"चालत येतोय. धड आहे."

"बाबा, रविवारी तुम्ही सारात तोंड घातलंत तेव्हाच मला कळलं होतं. मी वाट बघत होते तुम्ही कधी सांगता त्याची."

"तू का नाही बोललीस त्याला?"

"कारण तुम्ही मेकॅनिक आहात," याग्ना म्हणाली. "मी बोलले असते तर ती बायकोची भीती झाली असती." मग म्हणाली, "आज जेवायला येऊ नका. उद्या या."

तो बरं म्हणाला. फोन खिशात टाकून शेडला कुलूप लावायला निघाला तेव्हा व्रेम्बेल दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहीत होता. रेमेक परत येईल की नाही, मूठ धरेल की नाही, गाव हे उदाहरण कोणत्या पक्षाच्या बाजूनं लावेल, यातलं काहीच गेरार्दला माहीत नव्हतं. गाडी ढकलायला उद्या त्याला कुणी बोलावलंय का, हेही नाही. त्यानं व्रेम्बेलला तेवढंच विचारलं.

"मी कशाला सांगू?" व्रेम्बेल म्हणाला. "त्याला विचार."

उद्या शुक्रवार. शुक्रवारी सकाळी साडेसात ते नऊ ग्रोनोवोचा ट्रॅक सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी असतो. फळ्यावर चार पोरांची नावं आहेत आणि त्यांच्याखाली रेमेक वोइतेरा. रुग्णवाहिका सव्वासातला येते. ती फाटकातून आत येऊन उभी राहीपर्यंत कुणालाही इंजिन सुरू करायची परवानगी नाही.